दप्तर संस्थेचे, कुलूप विक्रेत्याचे

मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था,
महाराष्ट्र राज्य, पुणे यांस



मी शिरूरचा हिशेबनीस. गेली बावीस वर्षे घोडनदीच्या बाजारपेठेत एका गाळ्यात बसून लोकांचे हिशेब लिहितो आणि त्यांचे संगणकही बघतो. न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारा रस्ता माझ्या पायाखालचा आहे. भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड, आणि दोन्हीकडे माझे काम. दूध संस्था, पतसंस्था, खत-औषधांची दुकाने, आडते, दोन शेतकरी उत्पादक कंपन्या. यांतले बहुतेक जण हल्ली भेटले की आधी एकच विचारतात, "सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन घ्या म्हणून मागं लागलेत. घ्यावं का?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात सभासदांचा पैसा आहे. आणि मी इतकी वर्षे पाहतो आहे की या प्रश्नाचे उत्तर संस्था देतच नाही. उत्तर विक्रेता देतो, संस्थेच्या मासिक सभेत त्याचा ठराव होतो. म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे, आणि ते सभासदांनीही वाचावे म्हणून उघड लिहितो आहे.

आधी एका सकाळची हकीकत सांगतो. शिरूर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावातली दूध संस्था. दोन्ही वेळचे मिळून संकलन नऊशे लिटरच्या आसपास. सचिवांचा पहाटे साडेसहाला फोन आला आणि मी पोचलो तोवर किटल्या-कॅनची रांग डांबरी रस्त्याला लागली होती. आदल्या संध्याकाळी विक्रेत्याचा माणूस नवा संगणक आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवून गेला होता. फॅट काढायच्या यंत्राची नऊ पिनांची केबल टेबलावरून लोंबकळत होती. नव्या संगणकाला ती लावायची जागाच नव्हती. फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांशाखेरीजचे घन घटक) यंत्रावर दिसत होते, संगणकात जात नव्हते. ऑपरेटर पोरगा एकेक आकडा हाताने टाकत होता आणि मागचे लोक त्याच्यावर ओरडत होते.

पावती निघाली तर उत्पादकाच्या नावाच्या जागी चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावे जुन्या मराठी फॉन्टमध्ये भरलेली होती, नवे सॉफ्टवेअर युनिकोडचे. एकातून दुसऱ्यात नेताना अक्षरांचे रूपांतर करावे लागते, ते कुणी केलेच नव्हते. एक आजी दोन लिटरची किटली घालून बाजूला उभ्या राहिल्या. पावती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि मला म्हणाल्या, "यात माझं नाव कुठंय रं?" मी त्यांना खाते क्रमांक दाखवला. "नंबर नको, नाव दाखव," म्हणाल्या. मला दाखवता आले नाही.

त्या दिवशी आम्ही जुना संगणक माळ्यावरून खाली काढला, पुसला, केबल लावली. संध्याकाळचे दूध त्याच्यावरच घेतले. तो आजही तिथेच चालू आहे.

आता खर्चाचा हिशेब. सॉफ्टवेअरचे 28,000 आणि संगणकाचे 38,000, मिळून 66,000 रुपये. या संस्थेला लिटरमागे एक रुपया सुटतो, म्हणजे दिवसाला नऊशे. त्र्याहत्तर दिवसांची कमाई गेली. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. तसल्या सात पगारांत सुटणारा सगळा पैसा एका बिलात संपला. याच पैशातून वीजबिल भरायचे, जागेचे भाडे द्यायचे, त्या ऑपरेटर पोराचा पगार करायचा.

मी चेअरमनना विचारले, "जुन्या सॉफ्टवेअरचं अडलं काय होतं?" त्यांनी सचिवांकडे पाहिले. सचिव म्हणाले, "अडलं काही नव्हतं. पण ते म्हणाले, आता सपोर्ट बंद होणार."

साहेब, माझ्या मते नव्या आवृत्तीची पारख या एकाच प्रश्नावर सुरू होते. आज काय अडते आहे? दूध संस्थेच्या संगणकाचे काम काय, तर दोन वेळचे वजन घेणे, फॅट आणि एसएनएफ घेणे, दरपत्रकावरून भाव काढणे, पावती छापणे, दहा दिवसांनी बिल करणे. दरपत्रक बदलले तर ते सचिव स्वतः भरतात, त्याला नवी आवृत्ती लागत नाही. हे काम ते सॉफ्टवेअर अकरा वर्षे बिनचूक करत होते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मोबाईलवर आलेख, रंगीत अहवाल, चेअरमनसाठी ॲप असे बरेच काही होते. यातले काय लागणार, हे पहाटे रांगेत उभ्या असलेल्या एकाही माणसाला कुणी विचारले नव्हते.

"सपोर्ट बंद" हे शब्द कुठून आले तेही सांगतो, कारण त्यात खोटे काही नाही आणि ते टाळून चालणार नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवल्या. त्याआधी विंडोज एक्सपीच्या 8 एप्रिल 2014 ला आणि विंडोज 7 च्या 14 जानेवारी 2020 ला थांबल्या होत्या. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. त्यामुळे धडधाकट असलेले पुष्कळ संगणक केवळ वयामुळे बाद ठरतात. हे सगळे खरे. पण त्या तारखेला संगणक बंद पडत नाही, त्याला नवी दुरुस्ती मिळायची थांबते. मग तो संगणक कशाला जोडलेला आहे, यावर सगळे ठरते. जो इंटरनेटला जोडलेलाच नाही, ज्यात बॅकअपसाठी राखून ठेवलेल्या पेनड्राइव्हखेरीज बाहेरचे काही जात नाही, ज्याचे काम काटा, फॅट मशीन आणि प्रिंटर एवढेच आहे, त्याच्यासाठी 66,000 रुपये घालवायची घाई नसते. बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात, त्याची गोष्ट अगदी वेगळी. तिथे मी एक दिवसही थांबू नका म्हणतो.

हे मी अनुभवाने शिकलो. दौंड तालुक्यातली एक पतसंस्था. संचालक काटकसरी, माणसे सचोटीची. नवा खर्च नको म्हणून त्यांनी सगळेच थांबवून ठेवले होते. ऑपरेटरने विंडोजचे अपडेटही बंद करून टाकलेले, कारण अपडेट चालू झाले की काउंटरवर गर्दी असताना संगणक अर्धा तास अडकायचा. एका सोमवारी सकाळी संगणक उघडला तर एकही फाइल उघडेना, आणि पडद्यावर खंडणी मागणारा इंग्रजी मजकूर. बॅकअप होता, पण त्याचा पेनड्राइव्ह कायम त्याच संगणकाला लावून ठेवलेला, म्हणून तोही गेला. पिग्मीची खाती, कर्जखाती, ठेवींच्या मुदती, सगळे बंद.

संस्था वाचली ती एका म्हाताऱ्या लेखनिकामुळे. संगणक आला तरी रोज संध्याकाळी किर्द छापून, सही करून, फाइलला लावायची त्यांची सवय सुटली नव्हती. त्या छापील किर्दीवरून आम्ही पाच माणसांनी एकोणीस दिवस बसून खतावणी पुन्हा उभी केली. तेरीज जुळली त्या रात्री ते गृहस्थ काही बोलले नाहीत, फक्त फाइल कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावून आले.

ज्या दुरुस्त्या बंद केल्यामुळे हे झाले, त्या फुकट होत्या. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा असाच हल्ला जगभर झाला आणि ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांना परत पाठवायची वेळ आली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, दोन महिने आधी, फुकट दिलेली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांना फटका बसला.

म्हणजे या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक दुरुस्ती: घेतलेल्या मालातली भोके बुजवणे. दुसरी नवी आवृत्ती: नवा माल. घराचे गळके पत्रे बदलणे आणि घरावर मजला चढवणे यांत जेवढा फरक, तेवढाच इथे आहे. पण आमच्याकडच्या बिलांत या दोन्ही गोष्टी "अपग्रेड व एएमसी" (एएमसी म्हणजे वार्षिक देखभाल करार) अशा एकाच ओळीत येतात. संचालकांना वाटते, पैसे दिले नाहीत तर संगणकात चोर शिरतील. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्याचे नाव घेऊन पासबुक छपाईची नवी सोय विकलेली मी पाहिली आहे. तो हल्ला एटीएम आणि परदेशी पैसे पाठवायच्या यंत्रणेवर झाला होता. गावच्या पतसंस्थेच्या पासबुक प्रिंटरचा त्याच्याशी कसलाही संबंध नाही.

भीतीच्या जोडीला कायदा येतो. "सरकारनं सक्ती केलीय" हे वाक्य आमच्या दोन तालुक्यांत फार चालते. कधी ते खरे असते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा व्हॅटच्या काळातले सॉफ्टवेअर खरोखर निकामी झाले, बिलाचा नमुना बदलला, विवरणपत्रे बदलली. मी तेव्हा कमिशनवर सॉफ्टवेअर विकत असे. त्या वर्षी विकलेल्या प्रत्येक आवृत्तीबद्दल आजही माझ्या मनात किंतू नाही. पुढच्या दोन वर्षांत विकल्या त्यांतल्या निम्म्यांची गिऱ्हाइकाला गरज नव्हती. ते पैसे घेतल्याचे मला वाईट वाटते, आणि 2019 नंतर मी विक्रीचे काम कायमचे सोडले.

कधी ते वाक्य अर्धेच खरे असते, आणि अर्धे खरे जास्त महाग पडते. 1 एप्रिल 2023 पासून कंपनी कायद्याखालच्या नियमांनी असे बंधन घातले की, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा माग राहिला पाहिजे: बदल कधी केला, काय केला, आणि तो माग बंद करता येता कामा नये. नियम चांगला आहे. तो कंपन्यांना लागू आहे. माझ्याकडच्या दोन शेतकरी उत्पादक कंपन्या कंपनी कायद्याखालच्या, म्हणून त्यांना मी स्वतः नवी आवृत्ती घ्यायला लावली. पण त्याच नियमाचा कागद दाखवून कांद्याच्या आडत्याला, एकट्या मालकीच्या खतांच्या दुकानदाराला आणि सहकार कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेलाही आवृत्ती विकली गेली. तुम्हाला हा नियम लागू नाही, हे त्यांना कुणी सांगितले नाही. असा माग सहकारी संस्थांच्या हिशेबातही असावा, असे मला मनापासून वाटते. आपल्यालाही तसे वाटत असेल तर आपण तो नियम करा, आम्ही पाळू. दुसऱ्याचा नियम दाखवून आमच्याकडून पैसे काढले जाऊ नयेत.

तसेच 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा झाले. तूप 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले, ठिबकचे साहित्यही तसेच खाली आले. ज्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूपुढे कराचा दर दुकानदारालाच भरता येतो, तिथे हे काम फार तर एका दुपारचे. माझ्या एका दुकानदाराला त्यासाठी पूर्ण नव्या आवृत्तीचे कोटेशन आले होते. आम्ही दोघांनी बसून दर बदलले आणि चहा होईपर्यंत पहिले बिल फाडले.

एवढे सगळे कळत असूनही संस्था "नको" का म्हणू शकत नाही? हे पत्र लिहायचे खरे कारण हेच आहे. ती म्हणू शकत नाही, कारण तिचे दप्तर विक्रेत्याच्या हातात असते. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेतले की आपले असे. नवे घेतले नाही तरी जुने चालत राही. 2013 मध्ये अडोबीसारख्या बड्या कंपनीने नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायचे जाहीर केले, आणि हळूहळू ती रीत तालुक्याच्या गावापर्यंत आली. आता वार्षिक रक्कम थकली की सॉफ्टवेअर उघडत नाही. सॉफ्टवेअर उघडत नाही म्हणजे खतावणी उघडत नाही. आमच्याकडच्या एका पतसंस्थेने विक्रेता बदलायचे ठरवले तेव्हा जुन्या विक्रेत्याने सगळी खाती कागदावर छापून दिली, भला मोठा गठ्ठा. संगणकात भरता येईल अशा फाइलमध्ये द्यायला नकार दिला, आणि शेवटी त्याचे वेगळे पैसे मागितले. संचालकांनी निमूटपणे जुन्याच विक्रेत्याची नवी आवृत्ती घेतली. ठरावात "सर्वानुमते" असे लिहिले आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 32 ने सभासदाला संस्थेचे दप्तर पाहण्याचा हक्क दिला आहे. दप्तर वहीत होते तेव्हा सचिवाने कपाट उघडले की हक्क बजावता येई. आज त्या कपाटाची किल्ली पुण्यात किंवा आणखी कुठे बसलेल्या, संस्थेचा सभासदही नसलेल्या माणसाकडे आहे आणि तो दर वर्षी तिचे भाडे घेतो. अशा स्थितीत नवी आवृत्ती पैशाला महाग की स्वस्त, ही चर्चाच पोकळ ठरते. ज्याला सोडून जाता येत नाही त्याला भाव करता येत नाही. आमच्या बाजारात शेतमाल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही.

म्हणून आपल्याकडे मागणे आहे. आपण एक परिपत्रक काढावे. सॉफ्टवेअरचा करार करताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना संस्थेचा सगळा डाटा संस्थेच्या मालकीचा राहील, आणि करार असो वा संपलेला असो, तो दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये भरता येईल अशा उघड्या स्वरूपाच्या फाइलमध्ये, नावे युनिकोड मराठीत, वेगळे पैसे न घेता मिळेल, ही अट त्यात असावी. दर तिमाहीला अशी एक प्रत सचिवांनी काढून संस्थेच्या तिजोरीत ठेवावी आणि लेखापरीक्षकाने ती उघडून पाहावी. ती उघडली नाही तर अहवालात तसा दोष लिहावा. कलम 82 खालच्या दोषदुरुस्ती अहवालात तो आला की संचालक मंडळ आपोआप जागे होईल. विक्रेत्याच्या बिलात दुरुस्तीची रक्कम आणि नव्या आवृत्तीची रक्कम वेगवेगळी दाखवावी. आणि नवी आवृत्ती "कायद्याने सक्तीची" आहे असे विक्रेता म्हणत असेल, तर कोणता कायदा, कोणता नियम, तो या संस्थेला कसा लागू, हे त्याने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. तोंडी सांगायला सगळे तयार असतात. लिहून द्या म्हटले की निम्मी सक्ती जागेवरच नाहीशी होते, हा माझा अनुभव आहे.

दूध संस्थांसाठी सहायक निबंधक (दुग्ध) वेगळे आहेत, हे मला माहीत आहे. पण कायदा एकच, म्हणून परिपत्रक त्यांच्यापर्यंतही जावे.

विकास सोसायट्यांबद्दल थोडे. केंद्र सरकारने 29 जून 2022 ला देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या, म्हणजेच विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांना एकच सामायिक सॉफ्टवेअर. कल्पना मला पटते, कारण तिथे गावच्या सचिवाला विक्रेत्याशी एकट्याने झुंजावे लागत नाही. तिथेही माझे म्हणणे तेच आहे: सोसायटीचा डाटा सोसायटीला तिच्या हातात मिळाला पाहिजे, मग सॉफ्टवेअर सरकारचे का असेना. आणि ज्या सोसायट्या या योजनेत आहेत त्यांनी मधल्या काळात खासगी सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांवर खर्च करू नये, असे आपल्या कार्यालयाने स्पष्ट कळवले तर तो पैसा वाचेल.

पतसंस्था आणि दूध संस्था या योजनेबाहेर आहेत. त्यांच्या सचिवांना सभेची नोटीस, इतिवृत्त, वार्षिक अहवाल लिहायला लिबर ऑफिससारखे मोफत सॉफ्टवेअर पुरते. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे मोफत, मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. आमच्याकडचा एक छापखाना तर संस्थांचे अहवाल अजून पेजमेकर 7 वर लावतो. ती आवृत्ती 2001 सालची. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि अध्यक्षांचे मनोगत अशा चोवीस काळ्या-पांढऱ्या पानांना त्याहून जास्त काही लागत नाही, आणि तो छापखानदार हे जाणतो. इतके साधे जाणतेपण संचालक मंडळांतही आहे. विरोध करायची ताकद त्यांच्याकडे नाही, ती आपल्या एका सहीने येईल.

आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. एएमसीची नवी बिले आमच्याकडे एप्रिलपासून यायला लागतात आणि सभेपर्यंत ती भरून झालेली असतात. सभासदांसमोर येतो तो नुसता खर्चाचा आकडा. परिपत्रक एप्रिलच्या आधी निघाले, तर शिरूर-दौंडच्या संस्थांना येत्या वर्षाचा करार करतानाच त्याचा उपयोग होईल. ते त्याआधी काढावे, ही आग्रहाची विनंती.

कळावे,

आपला,
एक हिशेबनीस
शिरूर (घोडनदी), जि. पुणे